बाटलीभर दूध, अठरा किलोमीटर

आमची वस्ती गावाच्या बाहेर आणि डांबरी सडक वस्तीला लागून. दुधाचा ट्रक गावात शिरत नव्हता, आत वळायला जागा नव्हती. म्हणून दूध सोसायटी निघाली तेव्हा तिची खोली सडकेच्या कडेला, आमच्या वस्तीच्या तोंडाशी घ्यावी लागली. गावातल्या काहींना ते आवडलं नाही. पण ट्रक कुठं थांबणार हे गावानं ठरवायचं नव्हतं. ज्यांची घरं कायम गावापासून लांब मोजली गेली, त्यांचीच घरं सोसायटीला सगळ्यांत जवळ पडली. याचा दुधावर काय परिणाम होतो हे मला दिसायला हवं होतं. मी तिथला सेक्रेटरी होतो, आणि आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. होतो.

सेक्रेटरी मला कुणी प्रेमानं केलं नव्हतं. रजिस्टर नीट लिहिणारा, दर पंधरवड्याला तक्ते पाठवणारा दुसरा माणूस गावाला मिळाला नाही. चेअरमन गावातले मोठे शेतकरी होते, शांत माणूस. ते मला म्हणाले होते, हिशेब चोख ठेवा, बाकी मी बघतो. मी हिशेब चोख ठेवला आणि बाकीचंही मीच बघायला लागलो.

बहात्तरच्या दुष्काळात मी कॉलेजात होतो. सुट्टीत आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. धाराशिवला वसतिगृहात राहायचो आणि शनिवारी सायकलनं घरी यायचो, सोमवारी पहाटे परत. वाटेत एकदाही उतरायचो नाही. त्या वेळच्या फोटोत माझ्या गालांची हाडं दिसतात. नंतर चार वर्षं एका सोसायटीत कारकून म्हणून टेबलामागं काढली आणि मग ही दूध सोसायटी. तपासून उरलेलं नमुन्यांचं दूध टाकून द्यायचं नाही असा माझा नियम होता, त्यामुळं दिवसाला पाचसहा कप चहा व्हायचा, नुसत्या दुधाचा. तिशीच्या आतच पँटचा हूक लागेना. घर सोसायटीपासून शंभर पावलांवर. सायकल घरात भिंतीला टेकून असायची आणि तिच्या दांडीवर बायको धडपी वाळत घालायची.

दूध तपासायला मी एकच साधन वापरायचो. काचेची एक नळी, खाली जड, वर आकडे. दुधात सोडली की तरंगायची. दूध जितकं दाट तितकी ती वर राहायची आणि आकडा मोठा यायचा. म्हशीचं चांगलं दूध तीसच्या आसपास यायचं. सव्वीसच्या खाली आकडा आला की दुधात पाणी आहे असं धरायचं. नळी फक्त सकाळच्या दुधाला लावायची. नियम माझ्या तोंडपाठ होता. एकदा खाली आला की फळ्यावर नाव, दुसऱ्यांदा आला की पुन्हा नाव, तिसऱ्यांदा दूध बंद आणि सभासदाचं नाव कमी.

दिवाळीनंतर वस्तीतल्या एका बाईची म्हैस व्याली आणि ती दूध घालायला लागली. वस्तीच्या नात्यानं ती माझी आत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सरकारी योजनेतून म्हैस मिळाली होती. पहिले काही दिवस चिकाचं दूध म्हणून घेतलं नाही. मग एका सकाळी किटली घेऊन पहिली आली. तिचं घर सोसायटीच्या भिंतीला भिंत लावून होतं. म्हैस पिळली की किटली सरळ माझ्या टेबलावर, वरचा फेससुद्धा बसलेला नसायचा. बाकीचे लोक मळ्यातून, शेतवस्त्यांवरून दोनदोन किलोमीटर चालत यायचे, डोक्याला फडकी बांधून, थंडीनं आखडलेले.

आत्याचा आकडा आला चोवीस. मी पुन्हा लावून पाहिलं. चोवीसच.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सरळ सांगतो. रांगेत गावातले वीसेक लोक उभे होते. त्यांतल्या काहींना आमच्या वस्तीचं दूध त्यांच्या दुधाबरोबर एका कॅनमध्ये जातं हेच पटत नव्हतं, पण बोलायची सोय नव्हती. मी आत्याला सोडलं असतं तर म्हणाले असते, आपल्या माणसाला सांभाळतो. मला ते ऐकायचं नव्हतं. मी तिचं नाव फळ्यावर लिहिलं, पुढं लिहिलं, ‘पाणी आढळले’. तिला वाचता येत नव्हतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि वर म्हणाला, हंडा जवळच असल्यावर काय, आडाला जायचं पण काम नाही. लोक हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस. पुन्हा नाव. सेक्रेटरी कडक आहे, सख्ख्यालाही सोडत नाही, असं गावात बोललं गेलं आणि ते मला गोड लागलं.

चेअरमन म्हणाले, जरा सबुरीनं घ्या. मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा.

तिसऱ्या सकाळी आत्यानं किटली टेबलावर ठेवली, पण नळी घालू दिली नाही. ट्रकच्या ड्रायव्हरकडून तिला कळलं होतं की सभासदाला शंका असेल तर सील केलेली बाटली शीतकरण केंद्रावर तपासून घेता येते. हा नियम मलाही माहीत होता, मी तो तिला सांगितला नव्हता. बाटली सेक्रेटरीनं स्वतः न्यायची आणि त्याच दिवशी दुपारी बाराच्या आत पोचवायची.

मी सगळ्यांसमोर बाटली भरली, बूच लावलं, लाख वितळवून सील केलं. कागदावर तिचा अंगठा घेतला, माझी सही केली. दोन दिवस ती माझ्याशी ‘साहेब, तुमी’ असं बोलत होती. आता पुन्हा नेहमीसारखं बोलली.

“तूच ने. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नगं. आन् दमानं ने, न्हायतर तितं जाऊस्तवर लोणी करशील.”

रांगेत कुणी तरी हसलं. ती त्यांच्याकडं वळली नाही.

“म्या पानी घातलं आसंल तर म्हस इकते आन् वस्ती सोडते. न्हाय घातलं तर तू काय करशील, ते तुझं तू ठरीव.”

मी काहीच ठरवलं नाही. आकडा माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिला होता.

आठची एसटी येरमाळ्याकडून भरून आली आणि आमच्या थांब्यावर थांबलीच नाही. पुढची एकला, आणि दुधाचा ट्रक सगळी गावं फिरून केंद्रावर पोचायचा तो बारानंतरच. केंद्र धाराशिवच्या वाटेवर, अठरा किलोमीटरवर. मी घरी गेलो, सायकलवरची धडपी काढली, हवा भरली. बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी हँडलला अडकवली. साडेआठला निघालो. मनात हिशेब केला की कॉलेजात असताना हे अंतर तासात मारायचो, आता सव्वा तास धरू.

पहिले दोन किलोमीटर वस्तीतले आणि मळ्यातले लोक बघत होते, म्हणून जोरात मारले. तिथंच चूक झाली. तिसऱ्या किलोमीटरला बरगडीखाली कळ आली. वारा समोरून, नुसता बोचरा. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कणसं बाहेर आलेली, तिच्या पानांवर दव, आणि त्या ओलाव्यावरून येणारा वारा मफलरमधून सरळ कानात. हात गारठलेले आणि पाठ घामानं भिजलेली. पायडल वर आलं की मांडी पोटाला लागायची. हे मला अजिबात माहीत नव्हतं. खुर्चीवर बसून माणसाला आपलं पोट कळत नाही.

चौथ्या किलोमीटरला उतरलो आणि दगडावर बसलो. तेवढ्यात मागून उसाची बैलगाडी आली आणि पुढं निघून गेली. कारखान्याला चालली होती. बीडकडचा तोडणीवाला गाडी हाकत होता, त्याची बायको उसावर घोंगडी पांघरून बसली होती. थोड्या वेळानं मी उठलो, सायकल मारली, गाडीला मागं टाकलं. सहाव्या किलोमीटरला पुन्हा बसलो. गाडी पुन्हा आली.

“मास्तर, सायकल जुनी दिसतीया,” गाडीवान म्हणाला.

मी म्हणालो, सायकलचा दोष नाही.

“मंग कुणाचा?”

त्याची बायको वरून हसली. त्यानं सायकल गाडीवर टाकायला सांगितलं. मी म्हणालो, सरकारी काम आहे, उसाच्या गाडीवरून जाणं शोभत नाही. तो म्हणाला, बैलांना काय, ते सरकारचं बी वढत्यात. मी पुढं निघालो.

देवीचा डोंगर मागं पडल्यावर चढ लागला. कॉलेजात असताना हा चढ मी उभं राहून मारायचो. आता मधेच चेन पडली. ती बसवताना काळं ग्रीस हाताला आणि हाताचं पँटला लागलं. चेन बसवून निघालो तर वीस फुटांवर पाय थांबले. दम लागला असं म्हणता येणार नाही, पायच थांबले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. मी उतरलो आणि सायकल हातानं ढकलायला लागलो. मागून गाडी आली. चढावर बैलांची चाल आणि माझी चाल सारखीच निघाली, म्हणून आम्ही बरोबरच चढलो. गाडीवानाच्या बायकोनं एक ऊस मोडून अर्धा खाली दिला. मी घेतला. एवढं काय नेताय जपून, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, एका बाईनं दुधात पाणी घातलंय, त्याचा पुरावा आहे.

“कोन लागती तुमची?”

“आत्या.”

त्या बाईनं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली आणि गाडीवानानं बैलांना हाळी दिली.

त्या चढावर मला वाटत होतं ते असं. आत्या दोषी निघावी अशी माझी इच्छा होती. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. मी बी.ए. झालो तेव्हा तिनं वस्तीत घरोघर गूळ वाटला होता. पण आकडा मी पाहिला होता, फळ्यावर मी लिहिलं होतं, आणि आता धापा टाकत, गाडीवाल्यांचं हसू घेत मी इतक्या लांब आलो होतो. ती निर्दोष निघाली तर हे सगळं माझ्यावर येणार होतं. दोषी निघाली तर तिची म्हैस जाणार होती. मी दोन्ही बाजू नीट समोर ठेवल्या आणि तरी माझं मन माझ्या बाजूला राहिलं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं ते असंच.

उतारावर सायकल आपोआप गेली. पिशवी हँडलवर हिंदकळत होती, एका हातानं ती धरून ठेवली. मधे दोनदा पाणी प्यायला थांबलो, एकदा नुसताच थांबलो. केंद्राच्या फाटकातून आत गेलो तेव्हा पावणेबारा झाले होते. सव्वा तासाचा रस्ता मी सव्वातीन तासांत केला होता. सायकल भिंतीला लावली आणि पाच मिनिटं तिलाच धरून उभा राहिलो.

तपासणीच्या खोलीतला केमिस्ट माझ्यापेक्षा लहान होता, बाहेरगावचा. सील पाहिलं, अंगठा पाहिला, सही पाहिली. बाटली हलवून दूध एका उंच भांड्यात ओतलं, नळी सोडली, वाकून बघितलं.

“साडेतीस. चांगलं दूध आहे. तक्रार काय?”

मी म्हणालो, आमच्याकडं दोन दिवस चोवीस आलाय. मी स्वतः पाहिलाय.

त्यानं विचारलं, दूध तपासताना किती वेळापूर्वी काढलेलं होतं? मी म्हणालो, एकदम ताजं, शेजारचंच घर आहे, वाफ निघत असते. त्यानं नळी पुसून बाजूला ठेवली. मग विचारलं, तपासणीच्या पेटीबरोबर थर्मामीटर आलं होतं, ते कुठंय?

“कपाटात. कुलपात आहे.”

“का, कपाटाला ताप येतो?”

मी खरं ते सांगितलं. ते काचेचं होतं, माझ्या सहीनं मिळालं होतं, फुटू नये म्हणून जपून ठेवलं होतं. तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मी वहीत ‘तापमान पाहावे’ असं सुवाच्य अक्षरात लिहूनही घेतलं होतं. का पाहावे हे विचारलं नव्हतं. बाकीचे सगळे मॅट्रिकच्या आतबाहेरचे होते. त्यांच्यात एकटा बी.ए. होतो, मी कशाला विचारू.

तो रागावला नाही. त्यानं ते साडेतीसचं दूध थोडं भांड्यात घेतलं, गरम पाण्यात ठेवलं, म्हशीच्या अंगाइतकं ऊन झाल्यावर दोनतीनदा वरून ओतून फेस आणला आणि नळी सोडली. आकडा पंचवीसच्या खाली गेला. त्याच दुधाचा. ऊन दूध हलकं असतं, फेसाळ असलं तर आणखी, त्यात नळी बुडते. गार झालं की ते दाटतं आणि नळी वर येते. बाकीच्यांचं दूध थंडीत दोन किलोमीटर चालून गार व्हायचं. आत्याचं गार व्हायला वाटच नव्हती. माझ्या सायकलनं तिच्या दुधाला अठरा किलोमीटरची थंडी दिली होती, आणि मी जोरात मारू शकलो नाही त्यामुळं जरा जास्तच. थर्मामीटरच्या डबीत, कापसाखाली, किती ऊन दुधाला किती आकडा वाढवून धरायचा याचा तक्ता होता. मी कापूस कधी उचललाच नव्हता.

त्यानं दाखला लिहून दिला. परत जाताना रिकाम्या कॅनचा ट्रक आमच्या बाजूला निघणार होता, त्यात सायकल टाकून मी कॅनांच्या मधे बसलो. चढ लागला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

गावाला पोचलो तेव्हा संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. चेअरमन आधीच आले होते. दाखला वाचून त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, फळा पुसून टाका, दूध बरोबर निघालं एवढंच सांगा, थर्मामीटरचं बोलू नका. लोकांचा नळीवरचा विश्वास उडेल. ते चुकीचं सांगत नव्हते. पण बाटली मी एकट्यानं नेली होती. नुसतं ‘बरोबर निघालं’ म्हटलं असतं, तर म्हातारा लगेच म्हणाला असता की आत्या-भाच्यानं वाटेत दूध बदललं. सील होतं, पण सील काय, तेही माझ्याच हातचं. आत्याचं नाव माझ्या दाखल्यानं साफ होणार नव्हतं. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर साफ व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी माझं नाव घालवावं लागणार होतं.

मी कपाट उघडलं, थर्मामीटर काढलं. विहिरीचं गार पाणी बादलीत आणवलं. आत्या पहिली आली. किटलीतून वाफ निघत होती. मी नळी सोडली आणि म्हाताऱ्याला पुढं बोलावून आकडा वाचायला लावला. त्यानं मोठ्यानं वाचला, चोवीस, आणि मागं वळून लोकांकडं बघितलं. मग मी तीच किटली बादलीत ठेवली. कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. पाणी दोनदा बदललं. रांग थांबली, कुरकुरली, पण कुणी गेलं नाही. अर्ध्या तासानं थर्मामीटर घालून पाहिलं, दूध गार झालं होतं. नळी सोडली. पुन्हा म्हाताऱ्यालाच वाचायला सांगितलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

“तीस,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “आत्याच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी आहे. हे साधन मला दिलं होतं आणि मी ते वापरलं नाही.” एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असेल, पण अठरा किलोमीटर त्यापेक्षा सोपे गेले. फळ्यावरचं नाव पुसलं आणि त्या जागी माझ्या नावापुढं ‘तपासणीत चूक’ असं लिहिलं. चेअरमन भिंतीकडं बघत होते.

म्हातारा म्हणाला, मंग इतके दिस आमचं गार दूध बी चुकीचंच मोजलं का? मी तक्ता बघून सांगितलं, हो, गार दुधाचा आकडा उलट कमी करून धरायला पाहिजे होता. तो सकाळी सत्तावीसवर काठावर पास झाला होता. त्यातून एकदोन गेले की काय उरतं याचा त्यानं मनात हिशेब केला असावा, कारण तो किटली घेऊन रांगेत मागं सरकला.

मागून एकानं तोडगा काढला. आत्यानं उद्यापासून रांगेत शेवटी उभं राहावं, म्हणजे तिचं दूध आपोआप गार होईल आणि सोसायटीला त्रास नाही. दोघंतिघं हो म्हणाले. तोडगा वाईट नव्हता, मलाही क्षणभर पटला.

आत्यानं किटली उचलली, फडक्यानं पुसली.

“न्हाय,” ती म्हणाली. “म्या मागं न्हाय थांबायची. माझं घर हितं हाय, म्या पयली येनार. दूध गार करायचं तर सोसायटीनं करावं, पानी हाय, बादली हाय, शेक्रेटरी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मांड्या इतक्या धरल्या होत्या की खुर्चीवर बसता येईना, रजिस्टर उभ्यानंच लिहिलं. विहिरीवरून बादली आणायला मला चार वेळा थांबावं लागलं. ती दारात किटली धरून उभी होती, तिच्यामागं सगळी रांग. पाणी नीट गार आहे का ते तिनं बोट घालून पाहिलं आणि मग किटली बादलीत ठेवली.